कृषिप्रधान म्हणजे कोणप्रधान?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात पोरांचा अभ्यासवर्ग होता. सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं. एकानं निबंध वाचून दाखवला. पहिलंच वाक्य : 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' मग ओळीनं सगळं आलं. शेतकरी जगाचा पोशिंदा, काळी आई, मोसमी पावसाचा जुगार, हरितक्रांती, कर्जबाजारीपणा. निबंध वाईट नव्हता. मार्क पडले असते. मी एवढंच विचारलं, 'गड्या, ह्यात तुझा आज्जा कुठं आहे?'

पोरगं गप्प. त्याचा आज्जा चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात औत हाकून मेला. निबंधात शेत होतं, बैल होते, पाऊस होता. औतामागचा माणूस नव्हता.

मग पोरगं उसळलं. म्हणालं, 'सर, जमिनीचं काय घेऊन बसलात? बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं. आपल्याला नोकरी पाहिजे. जमीन त्यांची त्यांना लखलाभ.'

दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या. निबंधातलं वाक्य आणि पोराचा सवाल. हा लेख त्या दोन्हींसाठी आहे.

मित्रहो, आपण समीक्षा करतो ती कवितेची, कथेची, आत्मकथनाची. पण 'भारत कृषिप्रधान देश आहे' हेही एक साहित्यच आहे. पिढ्यान्पिढ्या पोरांकडून घोकून घेतलेलं. त्याची समीक्षा कुणी करायची? ज्यांच्या नावावर जमीन आहे ते करणार नाहीत. त्यांना ते वाक्य सोयीचं आहे. म्हणून आपण करू.

१

सुरुवात सातबाऱ्यापासून करू. इथल्या शेतीचा मूळ ग्रंथ तोच आहे. बाकी सगळी त्याच्यावरची टीका-टिप्पणी.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, किती, आकार किती. 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. त्यात कुळाचं नाव लागतं, सोसायटीचा बोजा चढतो, विहिरीतला हिस्सा लिहिला जातो. बारामध्ये पीक कोणतं, पाणी कशाचं, पड किती. झाडाचीसुद्धा नोंद होते. सालदाराची होत नाही. खुरपणाऱ्या बाईची होत नाही.

माझा बाप तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात एका बागायतदाराकडं सालानं होता. ज्या रानात तो चौदा वर्षं राबला त्या रानाचा जुना उतारा मी एकदा मुद्दाम काढून आणला. त्यात विहीर होती. मोसंबीची झाडं होती. इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा होता. बाप नव्हता. मी तो कागद म्हातारीला वाचून दाखवला आणि म्हणालो, 'ह्यात आबा नाही.' म्हातारी म्हणाली, 'कागदात कसा घावंल? त्यो रानात व्हता.'

साऱ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. कागदात एक माणूस आणि रानात दुसरा. देशाच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कागद वाचला. रान वाचलं नाही.

२

गावाच्या भाषेत जमिनीचे दोन भाग. काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत गाव बसतो. आता सांगा, महारवाडा कशात? काळीत नाही. पांढरीतही नाही. पांढरीच्या बाहेर, वेशीपलीकडं, उतरणीला, गावाचा वारा आणि पाणी जिकडं उतरतं तिकडं. पण शिवेचा तंटा निघाला की सारा गाव महाराच्या साक्षीवर अवलंबून. कुणाचा बांध कुठं, शिवेचा दगड कुठं, हे त्याला ठाऊक. ज्याला सगळ्यांच्या जमिनीची हद्द पाठ, त्याच्या वाट्याला जमीन म्हणाल तर हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. तोही चाकरीच्या बदल्यात, साऱ्या भावकीत वाटलेला.

बलुतं म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. 'बलुतं' म्हटलं की त्यांना दया पवारांचं पुस्तक आठवतं. चांगलं आहे. १९७८ साली ते पुस्तक आलं आणि एक शब्द खळ्यावरून थेट साहित्यात आला. पण पवारांनी पुस्तकाला नाव दिलं ते एका आर्थिक व्यवहाराचं, हे विसरू नका. आपण त्या पुस्तकातली भूक वाचली, अपमान वाचला. हिशेब वाचायचा राहिला.

तो हिशेब असा. शेतीला मजूर बारा महिने लागत नाही. पेरणीला लागतो, खुरपणीला लागतो, काढणी-मळणीला एकदम लागतो. मधल्या महिन्यांत त्या हातांना कुणी पोसायचं? कारखान्याचा मालक असता तर त्याला पगार देऊन माणूस धरून ठेवावा लागला असता, नाही तर माणूस दुसरीकडं गेला असता. गावानं ह्याच्यावर तोड काढली. त्या तोडीचं नाव जात. माणूस जन्मानं बांधला की पळून जात नाही. त्याला दर ठरवून द्यावा लागत नाही. कामाचे तास मोजावे लागत नाहीत. सुगीला खळ्यावर येईल, पदर पसरील, मिळेल ते घेईल.

आणि एक बारीक गोष्ट. बलुतं पिकातून मिळायचं. पीक आलं तर मिळायचं. पीक बुडालं तर? मजुरी असती तर काम केल्याबद्दल मागता आली असती. बलुतं मागता येत नाही. राबायचं बारा महिने आणि जोखीम मात्र पावसाची. अर्थशास्त्राची पुस्तकं सांगतात की शेतकरी पावसाचा जुगार खेळतो. खरं आहे. पण त्या जुगारात डावावर आमचंही पोट लावलेलं होतं, आणि पत्ते आमच्या हातात नव्हते.

गावाचं झालं. सरकारचं काय? कंपनीच्या आणि पुढं इंग्रज सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा. तो वसूल करून तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा तर गावाहून भरणा घेऊन कोण चालणार? महार. अंमलदाराचं सामान कोण वाहणार? महार. साऱ्याची दवंडी कोण पिटणार? तोच. १८७४ च्या वतन कायद्यानं ह्या चाकरीला सरकारी शिक्का बसला. रात्र नाही, दिवस नाही. घरातला एक आजारी तर दुसऱ्यानं जायचं. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि गावाचं बलुतं. म्हणजे सरकारनं आपल्या नोकराचा पगार गावाच्या दयेवर टाकला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात ह्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं ते उगाच नव्हे. मंदिरप्रवेशाची चर्चा सगळे करतात. वतनाच्या बिलाची कुणी करत नाही. पण महारकी हा शेतीच्या अर्थव्यवस्थेचा खिळा आहे आणि तो उपटल्याशिवाय गाव हलणार नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

३

आता पुस्तकांकडं वळू.

१८७५ साली पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सुप्याला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो उतरला, सारा वाढला, कर्ज फिटेना. सरकारनं कमिशन नेमलं, १८७९ साली कायदा केला. हा सगळा इतिहास खरा आहे आणि शिकवला जातो. त्यात दोनच पात्रं : कुणबी आणि सावकार. तिसऱ्याची वहीच नव्हती. ज्याला सावकार कर्जही देत नाही, दिलं तर कागदाऐवजी माणूस गहाण ठेवून घेतो, तो दंग्याच्या इतिहासात येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातले सगळे भाग छापायला आपल्याच बाजूच्या पत्राचीही छाती झाली नाही. शेतीचा प्रश्न हा केवळ पावसाचा आणि आळसाचा प्रश्न नाही. सरकारी नोकरीत कोण बसलंय, धर्माच्या नावानं कोण लुटतंय, शाळेत कोण जातंय, ह्याचा तो प्रश्न आहे, हे मराठीत पहिल्यांदा त्यांनी ठासून सांगितलं. आणि नुसतं रडले नाहीत. ताली बांधा, तळी-धरणं बांधा, जनावरांची पैदास सुधारा, शेतकऱ्याच्या पोरांना शिकवा, असे उपाय दिले. फुले शूद्राबरोबर अतिशूद्राला कधी विसरले नाहीत. त्यांचे वारस म्हणवणारे मात्र शूद्रापाशी थांबले. असूड वरच्या पाठीवर ओढायला मिळालेला होता. गावोगावी तो औतामागच्या माणसाच्या पाठीवर पडला. हा जोतीरावांचा दोष नाही. त्यांना अर्धं वाचणाऱ्यांचा आहे.

१९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गांव-गाडा' आला. मोठा ग्रंथ आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचलाच पाहिजे. गावातला प्रत्येक हक्क, प्रत्येक मान, प्रत्येक लाग-बाग त्यात नोंदलेली आहे. आत्र्यांची नजर बारीक आणि कळवळा खरा. पण कळवळा कुणाचा? कुणब्याचा. वतनदार, कारू-नारू, फिरस्ते ह्या सगळ्यांच्या ओझ्याखाली कुणबी कसा दबला, हे त्यांचं मुख्य सूत्र. मान्य. कुणबी दबलाच होता. पण खातेवहीला दोन बाजू असतात. खळ्यावरून बलुतं किती गेलं हे एका बाजूला लिहिलं, तर त्या बदल्यात किती राबणूक आली हे दुसऱ्या बाजूला लिहावं लागतं. त्या बाजूनं हिशेब मांडला तर कोण कुणाच्या जिवावर जगलं, ह्याचं उत्तर बदलतं. हा दुसऱ्या बाजूचा 'गांव-गाडा' अजून लिहायचा आहे. तो आपणच लिहिणार.

ग्रामीण साहित्याचं काय? शेत आलं, बोली आली, मोट आली, पाटलाचा वाडा आला. आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ ची. त्यातला नारबा सालगडी आहे. जनावरांत जगणारा, आणि ट्रॅक्टर आला की उपरा होणारा. मराठी कादंबरीत सालगडी मध्यभागी आला ही लहान गोष्ट नाही, आणि यंत्र आल्यावर पहिला कोण जातो हेही त्यांनी बरोबर पकडलं. पण त्या कादंबरीबद्दल चर्चा कशाची होते? बोलीची, निसर्गाची, मुक्या जनावरांच्या मायेची. नारबाचं साल किती ठरलं होतं, ट्रॅक्टर आल्यावर त्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न समीक्षेचा मानलाच जात नाही. आमच्या पांढरपेशा समीक्षकांना मातीचा वास येतो, घामाचा येत नाही.

४

स्वातंत्र्यानंतर घोषणा आली : 'कसेल त्याची जमीन.' ऐकायला किती गोड! आमच्या आज्ज्यानं ऐकली तेव्हा त्याला वाटलं, आता आपली पाळी. कसतो तर आपणच.

कायदा उघडून पाहा. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा. त्यात 'स्वतः कसणे' ह्याची व्याख्या आहे. स्वतःच्या मेहनतीनं कसलं तर ते स्वतः कसणं. घरच्या माणसांच्या मेहनतीनं कसलं तरी स्वतः कसणं. आणि स्वतःच्या देखरेखीखाली मजुराकडून किंवा गड्याकडून कसून घेतलं तरी तेही स्वतः कसणंच! बांधावर उभा राहून 'हाण रं' म्हणणारा कायद्यानं कसणारा ठरला, आणि ज्याच्या हातात रुमणं होतं तो ठरला 'मजूर किंवा गडी'. एका व्याख्येनं लाखो माणसं जमिनीवरून पुसली.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कुळं मालक झाली. त्यात कित्येक कष्टकरी कुळांचं भलं झालं, ते नाकारू नये. कोकणात खोताच्या टाचेखाली पिढ्या गेल्या होत्या, त्यांना दिलासा मिळाला. आणि त्या खोतीविरुद्ध १७ सप्टेंबर १९३७ ला विधिमंडळात बिल कुणी आणलं? बाबासाहेबांनी. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर कुणी नेला? त्यांनीच. त्यात महार होते तसे कुणबी होते, आगरी होते. आंबेडकर फक्त महारांचे, असं म्हणणाऱ्यांना ही तारीख पाठ करायला लावा. पण कुळाला जमीन मिळाली ती आधीच कुळ असलेल्याला. जो कुळही नव्हता, ज्याला अस्पृश्य म्हणून कुणी कुळ म्हणून ठेवलाच नाही, त्याचं काय?

वतनाचंही तसंच. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. चाकरी सुटली, फार चांगलं झालं. जमीन सरकारजमा झाली आणि साऱ्याच्या पटीत रक्कम भरली की परत मिळायची, पण नव्या शर्तीनं. ज्यांना कळलं आणि ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी भरले. बाकीच्यांची जमीन कागदात लोंबकळत राहिली. शहरं वाढली तशी ती जमीन सोन्याची झाली. आज शहरालगतच्या जुन्या वतनी जमिनींवर कुणाच्या इमारती उभ्या आहेत, हे प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यानं एकदा फिरून पाहावं.

१९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. नगर जिल्ह्यातल्या खाजगी साखर कारखान्यांच्या मोठाल्या जमिनी सरकारनं घेतल्या. १९६३ साली शेती महामंडळ निघालं. मालक सरकार झालं, मजूर मजूरच राहिला. पुढं मूळ खंडकऱ्यांच्या वारसांना जमीन परत द्यायचा कायदा झाला. ज्यानं त्या उसाला पिढीभर पाणी दिलं त्याच्या नावाचा कायदा कुणी केला नाही. सहकारी कारखान्यांचंही सूत्र तेच. प्रवरानगरचा प्रयोग थोर. पण सभासद व्हायला ऊस पाहिजे, उसाला जमीन पाहिजे. बीड-पाथर्डीकडून कोयता घेऊन येणारा ऊसतोड्या त्या सहकारात कधी 'सह' झाला नाही. कारखान्याच्या आवारात त्याची कोपी, तेवढाच त्याचा संबंध.

५

आता बाबासाहेबांकडं येऊ. पोराच्या सवालाचं उत्तर तिथं आहे.

१९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे विद्वान म्हणत होते, जमिनीचे तुकडे फार झालेत, ते जोडले की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी मुळालाच हात घातला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारं किती, माणसं किती ह्या प्रमाणावर ठरतं. आपल्याकडं भांडवल थोडं आणि माणसं भारंभार. जमिनीला नको असलेली माणसं जमिनीवर बसलीत, कारण त्यांना दुसरीकडं जागाच नाही. ती बसून खातात, म्हणून शिल्लक उरत नाही. शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही. उपाय काय? उद्योगधंदे वाढवा. माणूस जमिनीवरून उचला. शेतीचा रोग शेतीत बसून बरा होणार नाही.

शंभर वर्षांनी हिशेब पाहा. १९५०-५१ साली देशाच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा शेतीचा होता आणि काम करणाऱ्या शंभरातली सत्तरच्या आसपास माणसं शेतीवर होती. आता उत्पन्नातला वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली आलाय, आणि माणसं अजून शंभरातली पंचेचाळीसच्या आसपास तिथंच. म्हणजे भाकरी लहान होत गेली, पंगत तेवढी उठली नाही. पंगतीत शेवटी कोण बसलंय? १९५१ च्या जनगणनेत कसणारे सुमारे सात कोटी, शेतमजूर पावणेतीन कोटी. २०११ मध्ये कसणारे ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. मजूर मालकाच्या पुढं गेला. देश कृषिप्रधान म्हणा हवं तर. पण ती कृषी मजूरप्रधान आहे, आणि निबंधात मजूर नाही.

१९४७ साली बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. त्यात शेती हा राज्याचा उद्योग करा म्हणून सांगितलं. मालकांना रोखे देऊन जमीन राज्यानं घ्यावी, ठरावीक मापाची शेतं पाडावीत, जातधर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावीत. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी-बियाणं राज्यानं पुरवावं. मग कुणी जमीनदार राहणार नाही, कुणी कुळ राहणार नाही, कुणी भूमिहीन मजूर राहणार नाही. तुकडेजोडीनं आणि कूळकायद्यानं सहा कोटी अस्पृश्यांचा काही फायदा नाही, कारण ते नुसते मजूर आहेत, हेही तिथं स्पष्ट लिहिलंय. कूळकायद्याच्या व्याख्येनं पुढं जे केलं ते त्यांना आधीच दिसत होतं. ते निवेदन संविधानात आलं नाही. आपणही ते जयंतीच्या भाषणात आणत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी मात्र आणलं. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशभरचा. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे भाव खाली आणा, किमान वेतन द्या. लाखो माणसं, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, तुरुंगात गेली. त्या वेळी आपल्यातल्याच काही शिकलेल्यांनी नाक मुरडलं, हा कम्युनिस्टांचा मार्ग म्हणाले. आज आपण त्या सत्याग्रहावर कविता किती लिहिल्या? मोजा. हाताची बोटंही पुरून उरतील.

६

१९७२ चा दुष्काळ मला आठवतो. आई खडी फोडायला जायची. हातोडीनं बोटं सुजायची. सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायची. कृषिप्रधान देशाच्या पोटात अमेरिकेची जनावरं खातात ती ज्वारी. पण आई एक गोष्ट पुढं नेहमी सांगायची. म्हणायची, 'खडीवर पैसं थोडं व्हतं, पर कुणाच्या वाड्याफुडं उभं ऱ्हावं लागत नव्हतं.' दुष्काळात बागायतदाराला पहिल्यांदा मजूर मिळेना, कारण मजुराला दुसरी जागा होती. मालकाशिवाय दुसरी जागा! त्या एका गोष्टीला गावाचे मालक किती घाबरतात हे तेव्हा कळलं. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, १९७९ पासून लागू झाला. त्यातून विहिरी झाल्या, पाझर तलाव झाले. पाणी मुरलं ते ज्याची जमीन खाली होती त्याच्या विहिरीत. खड्डा खणणाऱ्याच्या नावावर विहीर नव्हती.

मग १९८० च्या सुमारास शेतमालाच्या भावाचं आंदोलन उभं राहिलं. शरद जोशींनी 'भारत विरुद्ध इंडिया' ही मांडणी केली. खेडं लुटलं जातं हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. ते खोटं नाही. भाव मिळाला की मजुरीही वाढेल, हे त्यांचं म्हणणं. पण 'भारता'त वेस आहे की नाही? वेशीच्या आतला भारत आणि बाहेरचा भारत एकच कसा? ज्याला दाणे विकायचे आहेत त्याला भाव पाहिजे. ज्याला दाणे विकत घ्यायचे आहेत त्याला? शेतीच्या हिशेबात मजुरी 'उत्पादन खर्च' म्हणून येते, आणि खर्च म्हटला की तो कमी करायचा असतो. मजुराची भाकर ज्या हिशेबात खर्च आहे, त्या हिशेबात त्याच्या भुकेला बचत म्हणावं लागेल.

मजुरी मागितली तर काय होतं? तंजावर जिल्हा. भाताचं कोठार. आधुनिक शेतीच्या सरकारी योजनेसाठी देशभरातून जे मोजके जिल्हे निवडले त्यातला एक. तिथं किळवेनमणी नावाचं गाव. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित मजुरांच्या ४४ बायामुलांना आणि म्हाताऱ्यांना एका झोपडीत जाळून मारलं. हरितक्रांतीच्या इतिहासात नव्या बियाण्याचं साल असतं, खताचं साल असतं. ही तारीख नसते. तुम्ही ती घाला.

ह्याचा अर्थ लहान शेतकरी आपला शत्रू, असा काढू नका. देशातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.०८ वर आली. दीड एकरवाला कुणबीही आज दुसऱ्याच्या रानात रोजानं जातो, दोरी गळ्याला लावतो. त्याच्या दुःखाशी आपलं वैर नाही. पण त्यानं आपल्याला 'आपण सगळे शेतकरी' म्हणायच्या आधी गायरान कसणाऱ्या बौद्धाचं पीक कुणी जनावरं घालून चारलं, ह्याचं उत्तर द्यावं. एकीला आमची ना नाही. हिशेबाशिवायच्या एकीला आहे.

गायरान ही आजची लढाई आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी हुकमानं दिलेल्या जमिनींचा अपवाद बोलून दाखवला. गावात मात्र नोटीस पहिली आपल्याच झोपडीवर चिकटते. दादासाहेबांच्या नावानं २००४ पासून योजना आहे, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण ती जमीन सरकारनं विकत घ्यायची, म्हणजे कुणी तरी विकायला पाहिजे. महारामांगाला जमीन विकणारा गावात किती सापडतो ते अर्ज करून बघा.

७

आता त्या पोराला उत्तर.

बाबा, तू नोकरी मागतोस ते बरोबर आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली तेच सांगितलं होतं, जमिनीवरून माणूस उठला पाहिजे. पण तू एकटा उठलास. तुझी चुलती अजून खुरपायला जाते. तिला बाप्याच्या निम्म्यानं रोज मिळतो. बाबासाहेबांनी १९१८ सोबत १९४७ पण सांगितलं. जो उठेल त्याला कारखाना, जो राहील त्याला जमीन. एक पाय धरून दुसरा सोडणं म्हणजे त्यांना अर्धं वाचणं. फुल्यांच्या वारसांना मी मघाशी ह्याच गोष्टीसाठी नावं ठेवली. आपल्याला ठेवायची वेळ आणू नकोस.

आणि आपल्या लेखकांनाही सांगायचंय. आपण वेदना लिहिली, नकार लिहिला, विद्रोह लिहिला. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानं दलित म्हणजे कोण हे सांगताना भूमिहीन शेतमजूर आणि गरीब शेतकरी त्यात घेतला होता. आपल्या कथेत तो भूमिहीन आला तो मार खाताना, उपाशी मरताना. साल ठरवताना, रोजाची घासाघीस करताना, माप करताना, तलाठ्याच्या दारात बसलेला फार थोडा आला. अन्याय कळायला अत्याचार लागतोच असं नाही. खळ्यावरचं माप पुरतं.

म्हणून काम सांगतो. सुट्टीला गावी जाल तेव्हा एक वही न्या. हाडकी-हाडवळ्याची जमीन किती होती, आता कुणाकडं, हे लिहा. गायरान किती, कोण कसतंय, कोणत्या सालापासून, पुरावा काय, हे लिहा. बाईला रोज किती, बाप्याला किती. सालगडी कोण, साल कितीचं, उचल किती घेतलीय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, कुठलं रान कुणी कसलं. त्यांची नावं लिहा. तारखेसहित लिहा. सातबाऱ्यात जे नाही ते ह्या वहीत असलं पाहिजे.

अशा वह्या गावोगाव झाल्या की मग निबंध लिहायला बसा. पहिलं वाक्य तेच ठेवा, माझी हरकत नाही. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' पण दुसऱ्या वाक्यात आज्ज्याचं नाव आलं पाहिजे.